अस्मानी, सुलतानी आणि 'सदृश'

(छत्रपती संभाजीनगर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला आहे, तो हवामानबदल व त्याचे परिणाम सांगण्यासाठी इंग्रजीत घडलेल्या आणि तेथून आपल्या सरकारी व वृत्तपत्री मराठीत उतरलेल्या विशेषणांचा आहे. विषयाचे नाव ऐकून हे व्याकरणाचे व्याख्यान असावे असा समज होणे स्वाभाविक आहे; परंतु ज्या प्रांतात पावसाला कोणते विशेषण लागले यावरून शेतसारा सुटणार की नाही, कर्जाची वसुली थांबणार की नाही, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात सवलत मिळणार की नाही आणि मुलांची परीक्षा-फी माफ होणार की नाही, हे ठरत असते, त्या प्रांतात विशेषण व्याकरणाच्या पुस्तकात बसून राहत नाही, ते महसुलाच्या दफ्तरात आणि तेथून घराघरांत शिरते. माझे प्रतिपाद्य थोडक्यात असे आहे की, सार्वजनिक व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक विशेषणामागे एक माप असले पाहिजे, आणि त्या मापाला कोणाचे तरी कर्तव्य बांधलेले असले पाहिजे. ज्या विशेषणाला माप नाही ते पोकळ होय; आणि ज्याला माप आहे परंतु कर्तव्य नाही, ते निर्दय होय.

हा विचार आपल्या भाषेला परका आहे असे मात्र कोणी समजू नये. सुलतानी अमदानीत आणि पुढे मराठेशाहीत गावांच्या व परगण्यांच्या वसुलीसाठी जे कौल, मक्ते आणि इजारे लिहून दिले जात, त्यांत 'अस्मानी सुलतानी' ही विशेषणांची जोडी वारंवार आढळते. अस्मानी म्हणजे आभाळातून आलेली आपत्ती, जसे की अवर्षण किंवा गारपीट; सुलतानी म्हणजे राज्यकर्त्याच्या अथवा परचक्राच्या पायी आलेली, जसे की स्वारी, लूट, जबर वसुली. कागदात ही दोन विशेषणे लिहिण्याचा हेतू वर्णनाचा नव्हता. अशी आपत्ती ओढवल्यास ठरलेल्या रकमेत मजुरा, म्हणजे वजावट, मिळावा, ही करारातील अट त्या दोन शब्दांनी नोंदवली जात असे. आपत्तीचे नाव घेताक्षणी तिचे कारण कोणते आणि तिचा भार कोणी वाहावयाचा, हे दोन्ही प्रश्न त्या जोडीने पुढे येत. दोन्ही आपत्ती एकदम कोसळल्या म्हणजे काय होते, हे या मुलखाने फार जवळून पाहिले आहे. 1630 ते 1632 या वर्षांत दख्खनेतील पाऊस नाहीसा झाला, त्याच वेळी शहाजहानच्या फौजा निजामशाहीवर चालून आल्या होत्या, आणि 1633 मध्ये आपल्या शेजारचा दौलताबादचा किल्ला पडला. त्या दुष्काळातील मृतांपैकी आभाळाने किती मारले आणि तरवारीने किती, याचा हिशेब कोणत्याही बखरकाराला लावता आला नसता.

इंग्रजी अंमलात या विषयाची भाषा बदलली. 1876 ते 1878 च्या भयंकर दुष्काळानंतर नेमलेल्या फॅमिन कमिशनने 1880 साली अहवाल दिला, आणि त्याच्या आधारे 1883 मध्ये दुष्काळ-संहितेचा मसुदा तयार झाला. आपण ज्याला दुष्काळ या एकाच शब्दाने ओळखतो, त्याचे इंग्रजी कारभाराने निरनिराळे वाटे केले: पाऊस पडला नाही म्हणजे 'ड्रॉट', अन्नाची व कामाची ओढाताण सुरू झाली म्हणजे 'स्केअर्सिटी', आणि माणसे उपासमारीने मरणाच्या दारात उभी राहिली म्हणजे 'फॅमिन'. या वर्गीकरणाला एक गुण होता, तो म्हणजे प्रत्येक पायरीवर मामलेदाराने आणि कलेक्टराने काय करावयाचे, हे लिहून ठेवलेले होते. त्याला एक दोषही होता, आणि तो असा की, वरची पायरी खर्चाची असल्यामुळे खालच्या पायरीवरच थांबण्याचा मोह कारभाराला नेहमी होत राहिला. हा मोह राज्य बदलले म्हणून गेला नाही. राज्यकर्ते आपले झाले तरी तिजोरीचा स्वभाव तोच राहिला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच राज्याने 1963 साली केलेल्या एका कायद्यात आहे. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' ही संज्ञा वगळण्यासाठी तो कायदा करण्यात आला. सरकार शेतीच्या परिस्थितीवर सतत लक्ष ठेवते व टंचाईची चिन्हे दिसताच उपाययोजना करते, त्यामुळे तशा दुष्काळाला आता वावच राहिलेला नाही, अशी त्यामागची भूमिका होती. त्यानंतर नऊ वर्षांनी 1972 चा दुष्काळ आला. मी येथे केवळ दोष सांगून पुढे गेलो तर ते न्यायाचे होणार नाही, कारण त्या दुष्काळात राज्याने खरोखर मोठे काम उभे केले. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती; खडी फोडणाऱ्या, नालाबंडिंग करणाऱ्या आणि सुकडी खाऊन दिवस काढणाऱ्या त्या माणसांच्या श्रमांतून आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला. तथापि यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. कायद्याच्या पुस्तकातून शब्द काढल्याने मनुष्य वाचला नाही; तो वाचला कामामुळे, मजुरीमुळे आणि धान्यामुळे. लोकांनीही त्या वर्षाला सरकारी संज्ञा लावली नाही. त्यांनी वर्षाच्या आकड्याचेच विशेषण केले आणि आजतागायत मराठवाड्यात 'बहात्तरचा दुष्काळ' हे माप चालते. 2013 च्या उन्हाळ्यात वृद्ध माणसे जे म्हणत की बहात्तरला अन्न नव्हते, पण पाणी होते, आणि आता अन्न आहे, पण पाणी नाही, ते मला कित्येक अहवालांहून अधिक नेमके वाटते, कारण त्यात दोन आपत्तींतील अंतर कशाचे आहे हे सांगितलेले आहे.

आता आपल्या काळात रूढ झालेल्या एका उपपदाकडे वळू. ऑक्टोबर 2015 मध्ये राज्यातील 14,708 गावांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर झाली. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी भरून लातूरला पाठवण्याची वेळ आली. 'जलदूत' नावाच्या त्या पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले. ज्या शहराची तहान भागवण्यासाठी आगगाडी धावत होती, त्या मुलखाची स्थिती सरकारी आदेशात अद्याप दुष्काळासारखी होती, दुष्काळाची नव्हती. मुंबई उच्च न्यायालयात सुनावणी चालू असता या शब्दाची चिकित्सा झाली, आणि मे 2016 मध्ये सुमारे 29 हजार गावांच्या बाबतीत 'सदृश' गळून 'दुष्काळ' हा शब्द राहिला. त्याच महिन्यात, 11 मे 2016 रोजी, स्वराज अभियान या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, दुष्काळ जाहीर करण्याबाबत काही राज्यांनी दाखवलेल्या अनिच्छेवर कठोर भाष्य केले आणि केंद्राला दुष्काळ-व्यवस्थापनाची संहिता सुधारावयास सांगितले. याच वर्षाच्या आरंभी भारतीय हवामान विभागाने आपल्या परिभाषेतून 'दुष्काळी वर्ष' ही संज्ञा काढून तेथे 'तुटीचे वर्ष' आणि 'मोठ्या तुटीचे वर्ष' असे शब्द घातले होते. विभागाची बाजू समजण्याजोगी आहे, कारण पाऊस मोजणे हे त्याचे काम आणि दुष्काळ जाहीर करणे हे राज्याचे. पण मोजणाऱ्याने जो शब्द सोडला तो जाहीर करणाऱ्याने उचलला नाही, तर मध्ये उभ्या असलेल्या रयतेच्या हाती काहीच लागत नाही.

डिसेंबर 2016 च्या नव्या संहितेने एक गोष्ट चांगली केली, ती म्हणजे विशेषणांना माप दिले. पूर्वी दुष्काळाचा निर्णय मुख्यतः पैसेवारीवर, म्हणजे पिकाच्या उताऱ्याच्या अंदाजावर, होत असे. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम अशी पैसेवारी लागे आणि ती पन्नास पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती मिळत. आणि अंतिम आकडा हाती येईपर्यंत खरिपाची राखरांगोळी होऊन महिने लोटलेले असत. नव्या संहितेत पावसाची तूट, पावसातील खंड, पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती, जमिनीतील ओल, धरणांतील व भूगर्भातील पाणी असे निर्देशांक आले, निवडक गावांत जाऊन प्रत्यक्ष पडताळणी आली आणि त्यांवरून 'गंभीर' व 'मध्यम' अशा दोन पायऱ्या ठरू लागल्या. ऑक्टोबर 2018 च्या अखेरीस राज्याने 151 तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांपैकी 112 गंभीर आणि 39 मध्यम होते. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस 40 तालुके जाहीर झाले, त्यांपैकी 24 गंभीर आणि 16 मध्यम. त्यानंतर लगेच सुमारे एक हजार महसूल मंडळांना पुन्हा 'दुष्काळसदृश' हे जुनेच विशेषण लागले. केंद्राच्या आपत्ती-निधीचा दरवाजा 'गंभीर' या विशेषणाने उघडतो. 'मध्यम' या विशेषणाने राज्याच्या सवलती मिळतात. आणि 'सदृश' या विशेषणाने काय मिळणार, हे त्या त्या वेळच्या शासन निर्णयाचा तपशील वाचल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही. मोसंबीच्या वाळत चाललेल्या बागेला टँकरने पाणी घालणाऱ्या शेतकऱ्याच्या अनुभवात या तीन शब्दांमध्ये सीमारेषा नसते. ती फक्त कागदावर असते, आणि तरीही त्याचे वर्ष त्या रेषेच्या अलीकडे जाते की पलीकडे, यावर त्याचे पुढले वर्ष अवलंबून असते.

येथपर्यंत मी कोरड्या आपत्तीविषयी बोललो. 2025 च्या सप्टेंबरात याच मराठवाड्याने दुसरी बाजू पाहिली. धाराशिव, बीड, लातूर, नांदेड आणि आपल्याही जिल्ह्यात सोयाबीन, कापूस आणि तूर पाण्याखाली गेली, सीनाकाठची गावे वेढली गेली, जायकवाडीचे दरवाजे उघडले आणि गोदाकाठी माणसे रातोरात हलवावी लागली. लोकांनी एकमुखाने 'ओला दुष्काळ' जाहीर करण्याची मागणी केली. संहितेत असा शब्द नाही, परंतु दुष्काळात देतात त्या सवलती देण्यात येतील, अशी भूमिका सरकारने घेतली आणि 7 ऑक्टोबर 2025 रोजी 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. पॅकेज किती पुरेसे होते, हा निराळा विषय आहे. मला लक्ष वेधावयाचे आहे ते लोकांनी घडवलेल्या शब्दाकडे. पाऊस पडला नाही म्हणजे दुष्काळ, या व्याख्येने पाहिले तर 'ओला दुष्काळ' हा वदतोव्याघात ठरेल; परंतु काळ दुष्ट झाला, घरात धान्य आले नाही, गुरांना चारा उरला नाही, देणे फिटले नाही, या अर्थाने पाहिले तर तो शब्द अगदी यथार्थ आहे. संहिता आभाळाकडे पाहून नाव देते. लोकांनी घराकडे पाहून नाव दिले.

लोकभाषेतील विशेषण सरकारने मान्य केल्याचेही एक उदाहरण आहे आणि ते आवर्जून सांगितले पाहिजे. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलीमीटर पाऊस झाला म्हणजे ती 'अतिवृष्टी', असा आपल्याकडे दंडक आहे. परंतु शेत रोज थोडे थोडे भिजत राहिले, वाफसा कधी झालाच नाही, मुळे कुजली आणि शेंगांना कोंब फुटले, तर तोही नाशच. मात्र त्यात 65 चा आकडा एकदाही येत नाही, म्हणून तो नाश हिशेबात धरला जात नसे. एप्रिल 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'सततचा पाऊस' ही आपत्ती म्हणून मान्य केली आणि सलग पाच दिवस रोज किमान 10 मिलीमीटर पाऊस हा तिच्या निकषांतील एक भाग ठरवला. 'सततचा' हे किती साधे, घरगुती विशेषण! पण त्याला माप मिळाले आणि मापाला कर्तव्य जोडले गेले, तेव्हा ते आदेशात बसले. पंचनाम्यातील 'खरडून गेलेली जमीन' हाही असाच अचूक प्रयोग आहे. पीक गेले आणि जमीनच गेली, या दोन हानींतला फरक तो एका शब्दात सांगतो, आणि त्यासाठी निराळी मदत ठरते.

आता जरा जगाकडे पाहू, कारण विशेषणांवरून चाललेला हा कज्जा केवळ आपल्या सचिवालयात चालतो असे नाही. नोव्हेंबर 1995 मध्ये स्पेनची राजधानी माद्रिद येथे हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाची बैठक भरली होती. पृथ्वीच्या हवामानावर मनुष्याचा प्रभाव पडला आहे, असे विधान शास्त्रज्ञ करू पाहत होते, आणि सगळा वाद त्या प्रभावाला कोणते विशेषण लावावे यावर येऊन ठेपला. मंडळाच्या अहवालातील संबंधित प्रकरणाचे प्रमुख लेखक बेंजामिन सँटर हे होते. मसुद्यात 'अप्रिशिएबल', म्हणजे लक्षणीय, असा शब्द होता. सौदी अरेबिया व कुवेत या तेलसंपन्न राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी कडाडून विरोध केला. आणि बरीच खल-मसलत झाल्यावर मंडळाचे अध्यक्ष बर्ट बोलिन यांनी सुचवलेला 'डिसर्निबल', म्हणजे ओळखता येण्याजोगा, हा शब्द स्वीकारला गेला. एका विशेषणासाठी राष्ट्रांनी इतके झगडावे, याचे कारण उघड आहे: प्रभाव ओळखता येतो असे एकदा लेखी मान्य केले की, तो कोणाचा, किती आणि भरपाई कोणी करावयाची, हे प्रश्न टाळता येत नाहीत.

त्यानंतर सव्वीस वर्षांत मंडळाच्या अहवालांतील ही विशेषणे कशी चढत गेली, हे पाहणे उद्बोधक आहे. 2001 च्या अहवालात गेल्या पन्नास वर्षांतील बहुतेक तापमानवाढ मनुष्यामुळे झाली असणे 'लायक्ली' म्हटले गेले. 2007 मध्ये 'व्हेरी लायक्ली'. 2013 मध्ये 'एक्स्ट्रीमली लायक्ली'. आणि 2021 मध्ये मानवी प्रभाव 'अनइक्विव्होकल', म्हणजे निःसंदिग्ध, असा निर्वाळा आला. हे शब्द मनाच्या लहरीने निवडलेले नाहीत. 'लायक्ली' म्हणजे शंभरात किमान 66, 'व्हेरी लायक्ली' म्हणजे किमान 90, 'एक्स्ट्रीमली लायक्ली' म्हणजे किमान 95, असे प्रमाण त्यांच्यामागे ठरलेले आहे. आणि शेवटच्या शब्दाला प्रमाण लावण्याची गरजच उरली नाही. शास्त्राची भाषा कशी वाढावी याचा हा वस्तुपाठ आहे. पुरावा जेवढा, तेवढेच विशेषण. पुरावा वाढला की विशेषण वाढवावयाचे, आणि तेव्हा मात्र कचरावयाचे नाही.

या निःसंदिग्धतेने आपल्या जुन्या जोडीचा अर्थच पालटून टाकला आहे. अस्मानी आणि सुलतानी यांच्यामध्ये जी भिंत आपल्या पूर्वजांनी कागदावर उभी केली होती, ती आता शास्त्राच्याच साक्षीने ढासळली आहे. आभाळातून जे कोसळते, त्यातला काही भाग कारखान्यांच्या धुराड्यांतून, वीजकेंद्रांच्या भट्ट्यांतून आणि धनाढ्य राष्ट्रांच्या दीडशे वर्षांच्या उपभोगातून वर गेलेला आहे. अस्मानाच्या पोटात सुलतानी दडलेली आहे. 'नैसर्गिक आपत्ती' या शब्दप्रयोगातील 'नैसर्गिक' हे विशेषण म्हणूनच आता पूर्वीइतके निरपराध राहिलेले नाही. 1992 च्या हवामानविषयक जागतिक करारात राष्ट्रांच्या जबाबदाऱ्यांना समान परंतु विभेदित अशी विशेषणे लावली गेली, आणि त्यांतील 'विभेदित' या शब्दाच्या आधारेच भारताने आजवर अशी बाजू मांडली आहे की, ज्यांनी अधिक धूर सोडला त्यांनी अधिक भार उचलावा. त्याच करारात हवामानातील 'धोकादायक' मानवी ढवळाढवळ टाळण्याची प्रतिज्ञा होती. पण धोका कोठे सुरू होतो हे तेथे सांगितलेले नव्हते, आणि त्या विशेषणाला दोन अंश व दीड अंश ही मापे कराराच्या मजकुरात पॅरिसमध्ये, 2015 साली, म्हणजे तेवीस वर्षांनी मिळाली. त्या तेवीस वर्षांत जो कर्ब वातावरणात गेला, तो सहजी परत काढता येणार नाही. मापाविना विशेषण किती महाग पडते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

मात्र शब्द सौम्य करण्याचा दोष जितका मोठा, तितकाच तो फुगवण्याचाही आहे. 2019 मध्ये लंडनच्या 'गार्डियन' वृत्तपत्राने हवामान'बदला'ऐवजी 'आणीबाणी', 'संकट' असे शब्द वापरण्याचे धोरण जाहीर केले. त्यामागची तळमळ खरी होती. परंतु आपल्याकडे रोजच्या बातमीत जे 'भीषण', 'महाभयंकर', 'अभूतपूर्व' आणि 'ढगफुटीसदृश' असे शब्द येतात, त्यांतील पुष्कळांच्या मागे काही मोजलेले नसते. हवामानशास्त्रात साधारणतः तासाभरात शंभर मिलीमीटर पाऊस झाला म्हणजे ढगफुटी. चार तासांत साठ मिलीमीटर पावसालाही तेच नाव दिले, तर खऱ्या ढगफुटीच्या दिवशी सावध करण्यासाठी शब्द उरणार नाही. 'अभूतपूर्व' म्हणावयाचे तर पूर्वी काय झाले होते याची नोंद पाहिली पाहिजे. ती न पाहता तो शब्द वापरणे म्हणजे पुढाऱ्याच्या आणि ठेकेदाराच्या हाती आयती सबब देणे होय, कारण जे पूर्वी कधी घडलेच नाही त्याची तयारी केली नाही म्हणून त्यांना जाब विचारता येत नाही. अतिशयोक्ती पीडिताची कैवारी वाटते, पण बहुधा ती बेफिकीर कारभाराच्या उपयोगी पडते.

सर्वांत फसवे विशेषण मात्र 'सामान्य' हे आहे. देशाच्या नैर्ऋत्य मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी पूर्वी सुमारे 89 सेंटिमीटर धरली जात असे. 1961 ते 2010 या कालखंडावरून ती 88 झाली. आणि 1971 ते 2020 च्या आकडेवारीवरून 2022 मध्ये ती 87 करण्यात आली. शास्त्रदृष्ट्या ही फेरमांडणी योग्य आहे. परंतु तिचा अर्थ असा की, आपले नातवंड ज्या पावसाला 'सामान्य' म्हणेल तो आपल्या आजोबांच्या 'सामान्य' पावसाहून निराळा असेल, आणि फरक झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. शिवाय सरासरीच्या पोटात पुष्कळ दुःख मावते. मराठवाड्याचा पावसाळा सरासरीने सुमारे 680 मिलीमीटरचा. मृग कोरडा गेला, दुबार पेरणी करावी लागली, श्रावणात तीन आठवडे पावसाने दडी मारली आणि हस्ताने चार दिवसांत सगळी तूट भरून काढत उभे पीक झोपवले, तरी वर्षअखेरीस कागदावर ते वर्ष 'सामान्य' ठरू शकते. उन्हाचेही तसेच आहे. मैदानी प्रदेशात पारा किमान 40 अंशांवर जाऊन सरासरीहून साडेचार अंश चढला, किंवा 45 अंशांवर पोहोचला, म्हणजे ती उष्णतेची लाट. 43 अंशांत रोजगार हमीच्या कामावर माती उचलणाऱ्या बाईला, त्या दिवशी सरासरीहून वाढ तीनच अंशांची होती, म्हणून लाट नव्हती, असे सांगणे शास्त्राला धरून असेल. तिच्या देहाला त्याचा उपयोग नाही.

म्हणूनच मला वाटते की, इंग्रजीने दिलेल्या मोजमापाच्या शिस्तीला आपल्या शेतकऱ्याच्या निरीक्षणाची जोड मिळाली पाहिजे. या भाषेत पावसाची विशेषणे उगीच नाहीत. भीज पाऊस जमिनीत मुरतो, झडीचा पाऊस काम थांबवतो, वळवाचा पाऊस तापलेली माती थंड करतो, अवकाळी पाऊस आंब्याचा मोहोर आणि खळ्यातला गहू नासवतो. पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा, असे पावसाचे वयसुद्धा येथे सांगितलेले आहे. या प्रत्येक शब्दात पाऊस किती पडला यापेक्षा तो कधी, कसा आणि कशावर पडला, ही माहिती आहे. अलीकडचे हवामानशास्त्र जेव्हा 'कम्पाउंड', म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या आपत्तींविषयी बोलू लागले, तेव्हा ते याच ज्ञानाच्या दिशेने आले, असे मी मानतो. 2023 चा दुष्काळ आणि 2025 चा पूर या महसुलाच्या दफ्तरात दोन निराळ्या फायली असतील. शेतकऱ्याच्या खात्यावर ते एकच न फिटलेले कर्ज आहे. आपल्या संहितेत या गुंतलेल्या आपत्तीला अद्याप नाव नाही, आणि नाव नाही म्हणून तिच्यासाठी तजवीजही नाही.

तेव्हा करावयाचे काय? माझ्या तीन सूचना आहेत. पहिली सूचना सरकारला: 'सदृश' हे उपपद शासकीय भाषेतून कायमचे जावे. स्थिती गंभीर असेल तर गंभीर म्हणावे, मध्यम असेल तर मध्यम म्हणावे, आणि निकषांत बसत नसेल तर कोणत्या निकषात किती अंतराने बसत नाही हे गावाच्या चावडीवर लेखी लावावे, म्हणजे रयतेला त्यावर दाद मागता येईल. दुसरी सूचना वृत्तपत्रांना: पावसाच्या बातमीत विशेषणाच्या आधी आकडा द्यावा, आणि तो कोणत्या मंडळातला, किती तासांतला हे सांगावे, 'रेड अलर्ट' छापताना त्या रंगाचा अर्थ नागरिकाने काय करावयाचा हेही छापावे, कारण हवामान विभागाचे रंग पावसाचे वर्णन करण्यासाठी नसून सावधगिरीची पातळी सांगण्यासाठी आहेत. तिसरी सूचना तुम्हां-आम्हां सर्वांना: प्रत्येक गावाच्या शाळेत पर्जन्यमापक असावा, मुलांनी रोजचा पाऊस लिहावा, आणि आकड्याच्या शेजारी घरातील वडीलधाऱ्यांनी त्या पावसाला दिलेले विशेषणही लिहावे. वीस वर्षे अशी वही चालली, तर 'अभूतपूर्व' काय आणि 'सामान्य' काय हे ठरवण्यासाठी त्या गावाला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही, आणि ग्रामसभेत पंचनामा वाचला जाईल तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द तपासता येईल.

मित्रहो, हवामान बदलते आहे, ते पुढेही बदलत राहील, आणि त्याचा घाव ज्यांच्यावर प्रथम पडतो त्यांत मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी आणि ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत. पाऊस पाडणे किंवा थोपवणे आपल्या हाती नाही. त्याला कोणत्या नावाने नोंदवावयाचे, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. आणि ती नोंद खरी असावी यासाठी भांडणे हा साहित्यिकाचा, पत्रकाराचा, शिक्षकाचा, तलाठ्याचा आणि शेतकऱ्याचा सारखाच धर्म आहे. जुन्या कौलनाम्यात दोन विशेषणांनी रयतेला मजुरा मागण्याचा हक्क दिला होता. आज आपल्यापाशी शास्त्र आहे, संहिता आहे, न्यायालयाचे निकाल आहेत. एवढे असताना आपल्या विशेषणांनी त्याहून कमी हक्क द्यावा, हे आपण कदापि मान्य करू नये.